लाल रंगाचा माग : कुर्ला ते मुलुंड

दोस्तांनो, मुंबईत मासळीबाजार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पापलेटं, सुरमई, बोंबील, बर्फाचा चुरा आणि ‘ताई, या इकडं’ अशी हाक. पण मुंबईत एक मासळीबाजार असा आहे, की तिथली मासळी कुणी खात नाही. ती जिवंत विकत घ्यायची आणि घरी नेऊन तिलाच रोज खायला घालायचं! हा रंगीत माशांचा बाजार कुर्ल्याला, पश्चिमेच्या बाजूला भरतो आणि तोही भल्या पहाटे. रविवारी तर उजाडायच्या आत तिथं झुंबड उडते. ऊन चांगलं वर आलं, की बाजारातली जान गेलेली असते. तेव्हा जायचं असेल, तर रविवारची झोप विसरायची!

इथले विकणारे सगळेच दुकानदार नसतात, बरं का. कुणी गच्चीवरच्या ड्रमात गप्पी वाढवतो, कुणी गॅलरीत फायटरची पिलं. आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी पहाटे घरची पैदास पिशव्यांत भरून लोकलनं कुर्ला गाठायचं. पिशवीत थोडं पाणी, वर भरपूर हवा आणि तोंडाला करकचून आवळलेलं रबर. गप्पी, मॉली, गोल्डफिश, एंजल... रांगेनं मांडलेल्या त्या टम्म पिशव्यांवर दिव्याचा उजेड पडला, की रंगांची नुसती दिवाळी!

मात्र माशांच्या धंद्यात दिसणारा प्रत्येक रंग खरा असतोच असं नाही. आपल्याच देशातल्या नद्या-तळ्यांत एक काचेसारखा आरपार दिसणारा मासा राहतो. त्याच्या अंगातले काटेसुद्धा मोजता येतात. या बिचाऱ्याच्या अंगात सुईनं गुलाबी, हिरवा, निळा रंग टोचायचा आणि ‘रंगीत काचमासा’ म्हणून तो जगभर विकायचा, असा उद्योग काही व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं केला. काही महिन्यांत तो रंग उडून जातो. सुईनं झालेल्या जखमांमुळे मासे आजारी पडतात ते वेगळंच. तुम्ही कधी मासे घ्यायला गेलात आणि असे चकचकीत पट्टे ओढलेले काचमासे दिसले, तर मुकाट्यानं पुढं व्हा.

मी कुर्ल्याला गेले होते ती मात्र मासे बघायला नव्हे. मला बघायची होती नखाएवढी लाल कोळंबी. माझा एक जुना विद्यार्थी मुलुंडला राहतो. आता नववीत आहे. घरी लाल कोळंबी वाढवतो आणि तिचा रंग पिढीगणिक अधिक लाल करायच्या खटपटीत असतो. मी बघायला येते म्हटल्यावर त्यानं मला अटच घातली, “बाई, आधी कुर्ल्याची बघा, मग माझी बघा. आणि दुकानातल्या दिव्याखाली नका बघू हं, पिशवी बाहेर उजेडात न्या!”

ही शेवटची सूचना किती मोलाची होती, ते तिथं गेल्यावर कळलं. एका टाकीवर गुलाबी ट्यूब लावलेली होती. तिच्याखाली कोळंबी कशी माणकांसारखी झळकत होती! पिशवी दिवसाच्या उजेडात आणली आणि माणकांचा रंग निम्मा उतरला. पाठीवर लाल शिंतोडे आणि बाकी अंग काचेसारखं. त्यात विकणाऱ्याची लबाडी होती असं मी म्हणणार नाही. पिशवीत बंद झालेली, प्रवासानं हैराण झालेली कोळंबी तशीही फिकी पडते. घरी दोन-चार दिवस रुळली, की रंग जरा भरतो. पण अंगातच नसेल, तर कितीसा भरणार?

या कोळंबीला बाजारात ‘चेरी श्रिंप’ म्हणतात. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. ही काही आपल्याकडची नाही. हिचं माहेर तैवान आणि चीनच्या पूर्वेकडच्या गोड्या पाण्यात. तिथल्या ओढ्यात जाऊन शोधलीत, तर लाल कोळंबी बहुधा दिसायचीच नाही. ती असते मातकट, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, तळाच्या गाळात आणि पाल्यात मिसळून जाणारी. लाल रंगाची पाण्यात जन्मली, तर एखादा मासा तिला आधी टिपणार हे उघडच आहे. पण कुणा हौशी माणसांच्या टाकीत अधूनमधून जरा लालसर पिलं निघाली. त्यांनी ती वेगळी काढली, त्यांची पिलं वाढवली, त्यातली सर्वांत लाल पुन्हा वेगळी काढली. असं करत करत ‘चेरी’ तयार झाली आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जगभरच्या घरांत पोचली. आता तर तिच्याच जातीतून पिवळी, निळी, नारिंगी, काळी अशी भावंडंही निघाली आहेत. लालातही प्रती आहेत. साधी ती चेरी, तिच्याहून गडद ती साकुरा आणि पाय सुद्धा लाल असलेली ती फायर रेड. साकुरा म्हणजे जपानी भाषेत चेरीचा फुलोरा.

तर कुर्ल्याहून धीमी लोकल पकडली. विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मुलुंड. रविवार असल्यानं चक्क खिडकी मिळाली. मुलुंडला पूर्वेकडे उतरून खाडीच्या बाजूला चालत गेलं, की आमच्या संशोधकाची इमारत. घर सातव्या मजल्यावर. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी. गणित करून बघा, त्यात साधारण ४२ लिटर पाणी मावतं. तळाशी काळी बारीक खडी, त्यावर शेवाळाचे गड्डे, एक लाकडाचा ओंडका आणि त्या हिरव्या-काळ्या पसाऱ्यावर लाल, लाल, लाल! कुंकवाचे बोट उमटवत कुणी फिरावं तशी ती कोळंबी फिरत होती. पुढचे चिमुकले चिमटे सारखे चालू. शेवाळावरून वेचायचं आणि तोंडात टाकायचं, अगदी तांदूळ निवडल्यासारखं.

“एवढ्याशा जीवाचं एवढं कौतुक!” आजी आतून चहा घेऊन आल्या. त्यांचं माहेर अलिबागकडचं. “आमच्याकडे याहून मोठा जवळा असतो. पातीचा कांदा घालून केला, की दोन भाकऱ्या जास्त जातात. आणि हा मुलगा त्यांना पालक उकडून घालतोय!”

“आजी, पण तुझी कोळंबी कढईत टाकल्यावर लाल का होते, सांग,” नातवानं विचारलं.

“शिजली म्हणून.”

इथंच तर खरी गंमत आहे, मुलांनो. बाजारातून आणलेली ताजी कोळंबी करडी, निळसर दिसते. कढईत टाकली, की काही क्षणांत केशरी-लाल होते. हा लाल रंग मसाल्यातून येत नाही की विस्तवातून येत नाही. तो तिच्या अंगात आधीपासूनच असतो. त्याचं नाव जरा अवघड आहे, अ‍ॅस्टाझॅन्थिन. जिवंतपणी हा रंग एका प्रथिनाला घट्ट बिलगून बसलेला असतो. त्या जोडीचा रंग निळसर-करडा दिसतो. उष्णतेनं प्रथिनाची घडी मोडते, रंग मोकळा होतो आणि आपल्याला दिसतो. चेरी कोळंबीत तो न शिजवताच दिसतो, एवढाच फरक.

आणि आता त्याच्याहून मोठी गंमत. कोळंबीला हा रंग स्वतःच्या अंगात मुळापासून बनवताच येत नाही. तो खाण्यातूनच यावा लागतो. शेवाळात, हिरव्या भाज्यांत, गाजरात, लाल भोपळ्यात त्याची कच्ची सामग्री असते. गाजरातल्या रंगाला कॅरोटिन म्हणतात. नाव गाजरावरूनच पडलंय. कॅरोटिन खाऊन कोळंबी त्याचं अ‍ॅस्टाझॅन्थिन करते. म्हणून आमच्या संशोधकाच्या फ्रीजमध्ये एका डबीत उकडलेल्या गाजराच्या आणि पालकाच्या बारीक फोडी असतात. आठवड्यातून दोनदा-तीनदा एक फोड टाकायची आणि दोन तासांनी उरलेली काढून घ्यायची, नाहीतर पाणी नासतं. भाजी आधी खळखळून धुवायची. तिच्यावरचं कीटकनाशक आपल्याला कदाचित बाधणार नाही, पण कोळंबीला तेवढं पुरतं.

“मी बीटसुद्धा देऊन बघितलं, बाई,” तो म्हणाला. “बीट एवढं लाल, म्हणजे कोळंबी पण लालभडक होईल!” झालं काय? फिक्या कोळंबीच्या पोटातली रेघ तेवढी एक दिवस लाल दिसली, की दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखी. बीटचा लाल रंग वेगळ्याच कुळातला. कोळंबीला त्याचा काही उपयोग नाही. लाल खाल्लं की लाल होतं, इतकं हे सोपं नाही.

खिडकीशी गेलो. मुलुंडच्या या भागातून ठाण्याची खाडी दिसते. खारफुटीची हिरवी किनार, तिच्यापलीकडे करडा चिखल आणि ओहोटीच्या वेळी त्या चिखलावर एक फिकट गुलाबी पट्टा. तो पट्टा मधूनच हलतो! ते रोहित पक्षी. काही जण त्यांना अग्निपंख म्हणतात, बहुतेक जण सरळ फ्लेमिंगो म्हणतात. पावसाळ्यानंतर थंडीच्या सुमाराला हजारोंनी इथं येतात आणि मे संपेपर्यंत मुक्काम ठोकतात. २०१५ साली खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. मुलुंडहून पूल ओलांडून ऐरोलीला गेलात, तर वनविभागाच्या केंद्रातून भरती-ओहोटीचं गणित बघून बोटी सुटतात. तिथून हे पक्षी जवळून दिसतात.

आता हे फ्लेमिंगो मी मध्येच का काढले? कारण त्यांचं आणि टाकीतल्या कोळंबीचं दुकान एकच आहे! फ्लेमिंगोचं पिलू जन्मतं ते करडं. त्याला गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तो गुलाबीपणा येतो तोही खाण्यातूनच. धाकटा रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, थोरला रोहित त्याच्या जोडीला चिमुकले कोळंबीसारखे जीवही. प्राणिसंग्रहालयात त्यांना साधं खाणं दिलं, तर पंख पांढुरके पडत जातात. म्हणून तिथं त्यांच्या खाण्यात मुद्दाम ही रंगद्रव्यं मिसळावी लागतात. धाकट्या रोहिताला आफ्रिकेतल्या तळ्यांवर जे शेवाळ फार आवडतं, त्याला स्पिरुलिना म्हणतात. आणि टाकीशेजारच्या डबीवर काय लिहिलं होतं? स्पिरुलिना पावडर!

पण निव्वळ खाऊ घालून भागत असतं, तर कुर्ल्याची फिकी कोळंबी महिन्याभरात लाल झाली असती. तसं होत नाही. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? खाण्यातून रंगाची सामग्री मिळते, पण अंगात किती रंगपेशी आणि त्या किती दाट, हे आईवडलांकडून येतं. तेव्हा खरं काम आहे निवडीचं.

ते काम आमचा संशोधक दर तीन महिन्यांनी करतो. त्या रविवारी नेमकी तीच वेळ होती. त्यानं आइस्क्रीमचा पांढरा रिकामा डबा घेतला, त्यात टाकीतलंच पाणी भरलं आणि बारीक जाळीनं कोळंबी दहा-दहा करून त्यात सोडली. डबा पांढराच का? त्यामागं एक छानसा प्रयोग आहे. तो तुम्हालाही करता येईल. एकाच टाकीतल्या, दिसायला सारख्या दहा कोळंब्या घ्या. पाच पांढऱ्या डब्यात आणि पाच काळ्या डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी बघा. काळ्या डब्यातल्या गडद दिसतात आणि पांढऱ्या डब्यातल्या फिक्या. मग डबे बदला, रंगही उलटतात! कोळंबीच्या रंगपेशी छत्रीसारख्या असतात. तळ काळा असला, की छत्री उघडते, रंग पसरतो. तळ पांढरा असला, की छत्री मिटते, रंग एका ठिपक्यात गोळा होतो. शत्रूला दिसू नये म्हणून निसर्गानं दिलेली ही युक्ती. म्हणूनच शोभेच्या टाकीत काळी खडी घालतात. पण निवड करताना काळ्या खडीवर भुलायचं नाही. सगळ्यांना सारखाच डबा, सारखाच उजेड आणि सारखाच वेळ. परीक्षेत सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका असते ना, तसं.

पांढऱ्या डब्यातही जी लाल दिसते, ती खरी लाल. तो भिंग घेऊन बघत होता. पाठीवर रंग सलग आहे की ठिपक्यांचा? पोटाच्या बाजूनं आरपार दिसतं का? पाय लाल आहेत का? मादी नरापेक्षा मोठी आणि गडद असते. तिच्या मानेमागं, पाठीवर पिवळसर डाग दिसतो. ती पोटातली कच्ची अंडी. घोड्यावर खोगीर घालावं तशी दिसतात. अंडी पक्की झाली, की ती पोटाखालच्या पायांत येतात. तिथं ती वीस-तीस अंडी मादी तीन-चार आठवडे पायांनी सतत वारा घालत सांभाळते. फुटून बाहेर येणारं पिलू थेट आईसारखं असतं, फक्त मिलिमीटरभराचं.

“सगळे जण लाल मादी निवडतात, बाई, आणि नर कसाही घेतात. कारण नर दिसायला फिकेच असतात. पण पिलाला निम्मा वाटा बापाचा असतो ना?” म्हणून तो नरांमधलाही त्यातल्या त्यात लाल शोधतो आणि त्याला वेळ जास्त लागतो. मला हे फार आवडलं. चार्ल्स डार्विननं सजीवांच्या बदलांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १८५९ साली छापला. त्याची सुरुवात सिंह-हत्तींपासून नाही, पाळीव कबुतरांपासून होते. त्यासाठी त्यानं स्वतः कबुतरं पाळली होती आणि लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळींत तो जाऊन बसत असे. माणूस वेचून वेचून काय घडवू शकतो, ते त्याला तिथं दिसलं. कबुतराच्या मानानं कोळंबीचं काम झटपट. पिलू तीन-चार महिन्यांत वयात येतं. म्हणजे वर्षाला तीन पिढ्या धरा. दोन वर्षांपूर्वी आणलेल्या दहा कोळंब्यांपासून आता त्याची सहावी पिढी चालू आहे. सगळं वहीत आहे. तारीख, किती मोजल्या, किती ठेवल्या. वही मात्र गणिताची आहे हे मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

घरातल्याच घरात पिढ्या वाढवत गेलं, तर वंश कमजोर होतो. म्हणून अधूनमधून तो दुसऱ्या कुणाकडून पाच-सहा लाल कोळंब्या आणून मिसळतो. पण लालात लालच! निळी आणि पिवळी दिसतात छान म्हणून एकाच टाकीत सोडली, की त्यांची नातवंडं पुन्हा त्या तैवानी ओढ्यातल्यासारखी मातकट तपकिरी होऊ लागतात. कित्येक पिढ्यांची मेहनत थोड्या महिन्यांत पाण्यात जाते.

पाण्यावरून आठवलं. मुंबईचं नळाचं पाणी तलावांतलं, म्हणजे मुळात पावसाचं. ते मृदू असतं. कोळंबीला तर कवच बनवायला कॅल्शियम लागतं. वाढताना ती साप कात टाकतो तसं कवच टाकते. ते रिकामं, काचेसारखं कवच तळाशी बघून नवी मुलं ‘मेली, मेली’ म्हणून रडतात. तसं दिसलं तर घाबरू नका आणि ते काढूही नका. कोळंबी ते खाऊन कॅल्शियम परत मिळवते. शिवाय टाकीत समुद्रफेसाचा एक तुकडा ठेवायचा. हो, तोच काष्ठौषधींच्या दुकानातला, पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवतात तो. नावात फेस असला, तरी ते माकूळसारख्या एका समुद्री प्राण्याच्या अंगातलं हाड असतं. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. आणि नवी टाकी भरल्यावर कोळंबी आणायची घाई करू नका. पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला निदान महिना जातो.

दोन गोष्टींना तर हात जोडून नमस्कार. पहिली म्हणजे तांबं. आजीच्या तांब्याच्या घागरीतलं पाणी आपल्याला गुणकारी म्हणतात, पण कोळंबीला तांबं हे विष आहे. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं. दुसरी म्हणजे डास मारायची औषधं. डास आणि कोळंबी हे दूरचे नातलग, दोघांनाही मारणारं औषध एकच! पावसाळ्यात इमारतीखाली धुराची गाडी आली, की हा पठ्ठ्या आधी खिडक्या लावतो, टाकीवर काच सरकवतो आणि हवेचा पंप थोडा वेळ बंद करतो, म्हणजे बाहेरची हवा पाण्यात ओढली जात नाही.

आणि एक वस्तू अशी, जिच्यासाठी परदेशातले लोक पैसे मोजतात आणि आपण ती रोज झाडून टाकतो. देशी बदामाची वाळकी पानं! आपल्या शाळांच्या पटांगणात, इमारतींच्या आवारात बदामाचं झाड हमखास असतं. पान लाल होतं, गळतं आणि वाळून तपकिरी होतं. असं एक पान धुऊन टाकीत ठेवलं, की पाण्याला चहासारखा हलका रंग येतो आणि पानावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. कोळंबीच्या पिलांची ती खानावळच. पानाच्या लालीनं कोळंबी लाल होते, असं मात्र कुणी सांगितलं, तर बीटची गोष्ट सांगा.

निवड संपली तेव्हा दुपार झाली होती. टाकीत परत गेल्या चाळीसेक. डब्यात उरल्या त्याच्या दुप्पट. फिक्या, ठिपक्यांच्या, एक-दोन तर अगदी आरपार. मी विचारलं, “यांचं काय करायचं?”

तो जरा गप्प झाला. “दुकानवाले म्हणतात फुकट द्या, मोठ्या माशांना खायला होतील. शेजारचे काका म्हणाले, पवईच्या तलावात सोडून ये, सुटतील बिचाऱ्या.”

दोस्तांनो, हे काकांचं म्हणणं ऐकायला दयाळू वाटतं, पण तेच सर्वांत वाईट. परदेशी जीव आपल्या पाण्यात सोडला, की दोनच गोष्टी होतात. एक तर तो मरतो, नाहीतर तो जगतो, आणि जगला तर जास्त पंचाईत. घरात मोठी झालेली लाल कानांची परदेशी कासवं लोकांनी अशीच ‘दया’ म्हणून तळ्यांत सोडली आणि देशी कासवांच्या वाट्याचं खाणं आणि जागा ती बळकावू लागली. ही चेरी कोळंबीही काही नाजूक राजकन्या नाही. हवाई बेटांवर ती मोकळ्या पाण्यात वस्ती करून राहिली आहे. जर्मनीसारख्या थंड देशातही एका वीजकेंद्राचं कोमट पाणी येणाऱ्या ओढ्यात ती जगली, वाढली. आपल्या मुंबईत तर बाराही महिने कोमट पाणी. सह्याद्रीच्या ओढ्यांत आपली स्वतःची बारकी कोळंबी आहे. तिला कुणी बाजारात मांडत नाही म्हणून आपल्याला ती माहीत नाही, एवढंच. विहार आणि तुळशीचं पाणी तर आपण पितो. तिथं काय किंवा पवईला काय, घरच्या टाकीतला एकही जीव आणि एक कप पाणीसुद्धा जाता कामा नये.

मग माशांना खायला? त्यात निसर्गाच्या विरुद्ध काही नाही, हे मला मान्य आहे. पण ज्यानं ती अंड्यातून निघाल्यापासून मोजली, त्याच्या हातून ते होईना. त्यानं गॅलरीत सावलीत एक मोठी निळी बादली ठेवली आहे. त्यात शेवाळ, बदामाची पानं आणि आधीच्या निवडींमधल्या सगळ्या फिक्या. तिथं निवड नाही, भिंग नाही, गाजरही क्वचितच. आजींना ती बादली जास्त आवडते. “ह्या बिचाऱ्या नापास झालेल्या,” असं म्हणत त्याच रोज त्यांना चिमूटभर खाणं टाकतात. आणि जवळ्याच्या भाजीची गोष्ट त्या वेळी काढत नाहीत!

बादली ओतून बघितली, तर त्यात फिक्यांची पिलं शेकड्यानं झालेली. बहुतेक त्यांच्यासारखीच पाणचट. पण दोन पिलं अशी निघाली, की पांढऱ्या डब्यातही डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसावीत. आईबापांच्या अंगात लपून राहिलेला रंग नातवंडात उमटला होता. आमच्या संशोधकानं ती दोन्ही चमच्यात घेतली, टाकीकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. लहान पिलाच्या रंगावर जाऊ नये, दोन महिने थांबावं, हा त्याचाच नियम. शेवटी त्यानं दोघांना एका वेगळ्या बरणीत ठेवलं आणि बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवली.

मी निघताना बादलीतल्या सहा फिक्या कोळंब्या वर्गासाठी मागून घेतल्या. त्यानं पिशवीत पाणी भरलं, हवा भरली, रबर आवळलं आणि वर एक बदामाचं पान टाकायलाही विसरला नाही. सोमवारी चौथीच्या वर्गात खिडकीपाशी बरणी ठेवली. मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला, “बाई, डबे कोणत्या रंगाचे आणायचे?”